द्वेर म्हणजे दार

महाराष्ट्रात रशिया पोहोचला तो बहुधा इंग्रजीच्या वाटेने, आणि या वळशाच्या खुणा मराठी लेखनात इतक्या मुरल्या आहेत की त्या खुणा आहेत हेही आता कोणाच्या लक्षात येत नाही. रशियन सम्राटाला मराठी लेखक ‘झार’ म्हणतात. वास्तविक त्या शब्दाचा पहिला वर्ण मराठीतील ‘चाक’ किंवा ‘चमचा’ या शब्दांत ऐकू येणारा दंतमूलीय ‘च’ आहे. तो हिंदीभाषकाला मुद्दाम शिकावा लागतो आणि मराठी मुलाला बोलता येऊ लागल्यापासून अवगत असतो, तरीही इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने मराठीने तो ‘झ’ करून घेतला. टॉलस्टॉय आणि डोस्टोव्हस्की या नावांतील ‘ट’ व ‘ड’ हेही इंग्रजीचेच देणे होय, कारण रशियन ‘त’ आणि ‘द’ हे मराठीतल्यासारखेच दंत्य असतात आणि ही नावे ‘तल्स्तोय’ व ‘दस्तयेव्स्की’ अशी लिहिली तर ती मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ जातात. चेखवच्या नावातील ‘ख’ देखील असाच ‘क’ होऊन बसला. जी भाषा मराठीच्या अंगणाला लागून होती तिच्याकडे मागच्या गल्लीतून जावे, तसा हा प्रकार आहे.

हा प्रश्न आता केवळ साहित्याच्या वाचकांपुरता राहिलेला नाही. विदर्भातून वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या मुलामुलींची वाट गेल्या काही वर्षांत रुळली आहे, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले, त्या वाटेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशातील हा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, व त्याशिवाय 12 महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून घ्यायचे प्रशिक्षण, त्याच संस्थेत पूर्ण करावे लागते. वर्गातले व्याख्यान इंग्रजीत होऊ शकते. परंतु खाटेवरची म्हातारी इंग्रजीत कण्हत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून रशियनचे तास असतात, आणि त्या तासांना बसलेले वऱ्हाडातले मूल बहुधा प्रत्येक रशियन वाक्य आधी इंग्रजीत उलगडून मग समजून घेऊ पाहते, कारण परकी भाषा ही इंग्रजीतूनच शिकायची असते असे त्याला शाळेपासून वाटत आलेले असते.

प्रत्यक्षात त्या खाटेपाशी काय घडते ते पाहावे. डॉक्टर विचारतो, ‘ग्द्ये बालित?’ या दोन शब्दांचे मराठी भाषांतर ‘कुठे दुखतं?’ असे दोनच शब्दांत, त्याच क्रमाने होते, आणि इंग्रजीत मात्र तेच विचारायला वाक्याची मोडतोड करावी लागते. रुग्ण म्हणतो, ‘उ मिन्या बालित गलवा’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी दुखते डोके’. येथे दुखण्याचा कर्ता डोके आहे, माणूस नव्हे. माणूस हे त्या दुखण्याचे केवळ ठिकाण आहे. मराठीतही ‘माझे डोके दुखते’ याच्यात डोकेच दुखत असते. इंग्रजी माणसाजवळ डोकेदुखी ‘असते’, जणू ती त्याची मालमत्ता आहे. मालकीसाठी स्वतंत्र क्रियापद न वापरता ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ अशीच रचना करण्याची मराठीची रीत रशियनमध्ये जशीच्या तशी आढळते, आणि जे काही माणसाला आपोआप होते, ज्यात त्याची इच्छा चालत नाही, ते दोन्ही भाषांत चतुर्थीने सांगितले जाते. थंडी वाजते ती ‘मला’, रशियनमध्ये ‘म्न्ये’. आवडते ते मला. हवे असते ते मला. विसावे वर्ष लागते तेही मला, आणि रशियन माणूस आपले वय ‘म्न्ये’ या शब्दानेच सांगू लागतो. वऱ्हाडी बोलीत जो ‘मले’ म्हणतो त्याने या प्रकरणात इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक मिटून ठेवावे, हे बरे.

चतुर्थीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्या नावाकडेही पाहण्यासारखे आहे. रशियन व्याकरण सहा विभक्ती मानते आणि त्यांपैकी चतुर्थीला ‘दातेल्नी’ म्हणते; हे नाव ‘दात्’ म्हणजे ‘देणे’ या क्रियापदावरून, ग्रीक नावाच्या धर्तीवर घडवलेले आहे. पाणिनीच्या परंपरेत याच अर्थाला ‘संप्रदान’ हे नाव आहे. एक नाव ग्रीकांच्या आधाराने आणि दुसरे तक्षशिलेकडच्या आधाराने आले, परंतु दोहोंच्या पोटात ‘दा’ हाच धातू आहे. तृतीयेचे नाव ‘त्वारीतेल्नी’, ‘त्वारीत्’ म्हणजे घडवणे, करणे या अर्थाच्या क्रियापदावरून. संस्कृतात ते ‘करण’. लिंगे तीन आहेत, पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग, जी हिंदीने दोनवर आणली आणि मराठीने राखली. आणि इतकेच नव्हे, तर कर्म सजीव असेल तर त्याचे रूप बदलावे आणि निर्जीव असेल तर ते तसेच ठेवावे, हा ‘घर पाहिले’ पण ‘मुलाला पाहिले’ असा भेदही रशियन पुल्लिंगी नामांत नियमाने पाळला जातो. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके या नियमाला कित्येक पाने देतात. मराठी विद्यार्थ्याला तो एका ओळीत सांगता येतो.

हे साम्य कोठून आले याचे उत्तर देताना फार जपावे लागते, कारण या विषयात उत्साही लोकांनी पुष्कळ धुरळा उडवला आहे. रशियन ही संस्कृतातून निघाली, रशियन लोक मूळचे वैदिक, अशी विधाने अधूनमधून ऐकू येतात आणि ती खरी नाहीत. भाषाशास्त्र सांगते ते एवढेच की संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक आणि स्लाव भाषा या भारोपीय नावाच्या एका कुळातल्या आहेत, म्हणजे लेखनाच्या कितीतरी आधी बोलल्या जाणाऱ्या एका लुप्त भाषेच्या त्या वेगवेगळ्या शाखा आहेत. त्यांत स्लाव आणि भारतीय शाखांनी काही जुने ध्वनी सारख्याच दिशेने बदलले, म्हणून लॅटिनच्या ‘केंतुम्’समोर संस्कृतात ‘शतम्’ आणि रशियनमध्ये ‘स्तो’ दिसते. बहिणीला आई म्हटल्याने नाते वाढत नाही, बिघडते. संस्कृतचा सात खंडांचा प्रचंड कोश 1855 ते 1875 या काळात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने प्रसिद्ध केला हे खरे आहे, पण तो ब्योटलिंक आणि रोट या विद्वानांच्या परिश्रमाचा विषय आहे, वंशावळीचा नव्हे.

बहिणी असल्याची साक्ष मात्र घराच्या दारातच मिळते. दाराला रशियनमध्ये ‘द्वेर’ म्हणतात, आणि त्या दारातून आत येणारी जी व्यक्ती आहे, म्हणजे सून, तिला जुन्या रशियनमध्ये ‘स्नाखा’ म्हणत. संस्कृत ‘स्नुषा’, प्राकृत ‘सुण्हा’ आणि मराठी ‘सून’ ही त्याच शब्दाची इकडची रूपे. नवऱ्याचा बाप ‘स्व्योकर’, म्हणजे श्वशुर, सासरा. नवऱ्याची आई ‘स्विक्रोव’, म्हणजे श्वश्रू, सासू. नवऱ्याचा भाऊ ‘द्येविर’, म्हणजे देवर, दीर. आणि त्या दिराची बायको जुन्या भाषेत ‘यात्रोव’, संस्कृतात ‘यातृ’, मराठीत ‘जाऊ’. नवरा मेल्यावर बाई ‘व्दवा’ होते, म्हणजे विधवा. हे सगळे शब्द एकाच बाजूचे आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लग्न होऊन परक्या घरात आलेल्या मुलीने त्या घरातल्या माणसांना काय म्हणायचे, एवढीच ही यादी आहे. नवऱ्याने बायकोच्या माहेरच्यांना काय म्हणायचे याचे रशियन शब्द वेगळे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा मराठीशी असा संबंध लावता येत नाही. रशियन भाषा सासूतही फरक करते: बायकोची आई ‘त्योश्चा’, आणि विनोदी किश्श्यांचे लक्ष्य बहुतेक वेळा हीच असते. नणंदेचा शब्दही दोन्हीकडे निराळा निघाला. पण सासू, सासरा, दीर, जाऊ आणि सून ही पाच माणसे हजारो वर्षे एकत्र नांदत आली आहेत, आणि गंमत अशी की त्यांतली काही आता रशियातच अनोळखी होत चालली आहेत. शहरातल्या तरुण रशियन माणसाला ‘द्येविर’ म्हणजे नेमका कोण हे पटकन सांगता येत नाही, ‘यात्रोव’ तर केवळ कोशात उरली आहे, आणि ‘स्नाखा’च्या जागी दुसरा शब्द रुळला आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर किंवा रिसोडच्या एखाद्या घरात मात्र जाऊ आजही जाऊच आहे, तिच्याशी वितुष्ट असो वा नसो.

वाशीमचे नाव या चर्चेत केवळ भूगोल म्हणून आणण्याचे कारण नाही. या गावाचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या याच वत्सगुल्मात लावले आहे. या नगराच्या नावावरून प्राकृतात ‘वच्छोमी’ हा शब्द वैदर्भी शैलीसाठी वापरला गेला, आणि येथील शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच रचले, जे आता उपलब्ध नाही. 1939 मध्ये वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट तर भाषाभ्यासकाला थबकायला लावणारा आहे, कारण त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात लिहिलेला आहे. मानाचा मजकूर एका भाषेत आणि कामाचा दुसरीत, अशी ही वाटणी आहे.

नेमकी अशीच वाटणी रशियाने कित्येक शतके अनुभवली, आणि रशियन शब्दसंग्रह समजून घ्यायचा तर ती ठाऊक असावी लागते. 988 मध्ये कीव्हच्या व्लादिमिर राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा धर्मग्रंथ आले ते चर्च-स्लाव या भाषेत, जी दक्षिणेकडच्या स्लाव बोलीवर आधारलेली, म्हणजे ओळखीची परंतु घरची नसलेली, अशी होती. घरच्या बोलीत नगराला ‘गोरद’ म्हणत, ग्रंथाच्या भाषेत ‘ग्राद’. डोके घरी ‘गलवा’, ग्रंथात ‘ग्लवा’. सोने घरी ‘झोलता’, ग्रंथात ‘झ्लाता’. दोन्ही रूपे टिकली आणि त्यांनी आपसात अर्थ वाटून घेतले, म्हणून आज माणसाचे डोके ‘गलवा’ असते आणि पुस्तकाचे प्रकरण किंवा संस्थेचा प्रमुख ‘ग्लवा’ असतो, आणि नकाशावर नोव्हगोरोद व व्होल्गोग्राद ही गावे एकाच शब्दाच्या दोन रूपांनी संपतात. इंग्रजी पुस्तके या घटनेला एक अवघड ग्रीक नाव देऊन पुढे जातात. मराठी वाचकाला तत्सम आणि तद्भव एवढे दोन शब्द उच्चारले की पुरते: क्षेत्र आणि शेत, कर्म आणि काम, अग्नी आणि आग. क्षेत्रात विद्वान असतो आणि शेतात शेतकरी, आणि या दोघांची जागा बदलता येत नाही, हे ज्याला कळते त्याला ‘ग्लवा’ आणि ‘गलवा’ यांतले अंतर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

घरची रशियन कशी होती याचा पुरावा मात्र फार उशिरा हाती लागला. 26 जुलै 1951 रोजी नोव्हगोरोदच्या उत्खननात भूर्जवृक्षाच्या सालीवर टोकदार सळईने कोरलेले पहिले पत्र सापडले, आणि तेव्हापासून अशी अकराशेहून अधिक पत्रे निघाली आहेत. त्यांत उसनवारी आहे, तक्रारी आहेत, बायकोने नवऱ्याला आणि मालकाने नोकराला धाडलेले निरोप आहेत. तेराव्या शतकातल्या अन्फीम नावाच्या सहा-सात वर्षांच्या एका मुलाचा गृहपाठही त्यांत आहे. त्याने मुळाक्षरे गिरवायला घेतली, थोडी गिरवली, आणि कंटाळून उरलेल्या सालीवर घोडेस्वार काढला. मराठी मुलांनी धुळपाटीवर काढलेले असे घोडेस्वार वाऱ्याने पुसून टाकले. सालीचा आणि नोव्हगोरोदच्या ओल्या चिखलाचा तेवढा उपकार.

मराठी आणि रशियन यांच्यात सर्वांत चकित करणारे साम्य आहे ते भूतकाळाचे, आणि आश्चर्य असे की ते मुळात वारसा नसून योगायोग आहे. मराठीत तो गेला, ती गेली, ते गेले. रशियनमध्ये ‘ओन श्योल, अना श्ला, अनो श्लो’. तो होता, ती होती, ते होते. ‘बिल, बिला, बिलो’. दोन्हीकडे भूतकाळाचे क्रियापद विशेषणासारखे लिंगाप्रमाणे बदलते, आणि मराठीच्या ‘गेला’, ‘आला’, ‘बसला’मध्ये जसा ‘ल’ भूतकाळाची खूण म्हणून उभा आहे तसाच तो रशियनमध्येही आहे. रशियनचा ‘ल’ हा स्लाव भाषांतील एका जुन्या कर्तरी धातुसाधिताचा आहे. पूर्वी त्याच्याबरोबर ‘आहे’ या अर्थाचे सहायक क्रियापद येत असे, ते गळून पडल्यावर धातुसाधितच क्रियापदाच्या जागी बसले आणि येताना आपले लिंग घेऊन आले. मराठीचा ‘ल’ वेगळ्या घरचा आहे. संस्कृत ‘गत’चे प्राकृतात ‘गय’ झाले आणि त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागून कालांतराने ‘गेला’ तयार झाला. या मधल्या अवस्थेतील भाषेचे, म्हणजे अपभ्रंशाचे, मोठे धन वाशीम जिल्ह्यातच कारंजा लाड येथील जैन शास्त्रभांडारांत हस्तलिखितांच्या रूपाने जपलेले होते, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतील ग्रंथांचे संपादन करून ते अभ्यासकांसमोर आणले. ‘श्योल’मधला ‘ल’ शिकणाऱ्याने ‘गेला’मधल्या ‘ल’ची हकीकत जाणून घ्यायची तर कारंज्याचे हे भांडार घरापासून फार लांब नाही.

येथे एक खड्डा आहे आणि त्यात मराठी विद्यार्थी हमखास पडतो. सकर्मक क्रियापद आले की मराठी भूतकाळ कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे पाहू लागतो: त्याने पोळी खाल्ली, तिने आंबा खाल्ला. रशियन क्रियापद कर्त्याला कधी सोडत नाही, त्यामुळे पत्र तिने लिहिले तरी क्रियापद ‘नापिसाला’ असे स्त्रीलिंगीच राहते. यातून एक गमतीची गोष्ट निष्पन्न होते. मराठी लेखिकेने ‘मी लिहिले’ असे म्हटले तर ती स्त्री आहे की पुरुष हे वाक्य सांगत नाही. रशियन लेखिकेला मात्र एवढीशी आडोशाची जागाही मिळत नाही, तिचे क्रियापद तिला प्रत्येक वेळी उघड करते. रशियन कवितेच्या अनुवादात मराठी अनुवादकाची अडचण होते ती अशा जागी, आणि ती इंग्रजी अनुवादावरून काम करणाऱ्याला दिसतही नाही.

इंग्रजीचा वळसा टाळून केलेले काम मराठीत झालेले आहे, हे येथे नोंदवायला हवे. सोव्हिएत काळात मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांनी, ज्यांतल्या ‘रादुगा’चा अर्थ इंद्रधनुष्य, मराठीतून पुस्तके छापली आणि अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मॉस्कोत राहून ती मूळ रशियनवरून मराठीत आणली. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत ती अल्प किमतीत तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. जाड कागद, रंगीत चित्रे आणि बर्फात चालणारी टोपीवाली मुले यांच्या रूपाने रशिया एका पिढीच्या घरात शिरला तो राजकारणाच्या किती आधी, याचा हिशेब कोणी केलेला नाही. त्याही अगोदर अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचून व्होल्गेकाठची लढाई डफाच्या ठेक्यावर आणली होती. 1961 मध्ये ते स्वतः तिकडे गेले, ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. पालीचे मराठी पंडित धर्मानंद कोसंबी 1929 मध्ये लेनिनग्राडला शिकवायला गेले होते. उलट दिशेची ये-जाही अल्प का होईना झाली आहे: तात्याना कातेनिना यांनी 1963 मध्ये मराठी व्याकरणाची रूपरेषा रशियनमध्ये प्रसिद्ध केली, आणि इरिना ग्लुश्कोवा यांनी पंढरीच्या वारीचा व महाराष्ट्रातील घर या कल्पनेचा अभ्यास केला.

या सगळ्यांच्या पूर्वी अफानासी निकितीन येऊन गेला होता. त्वेर गावचा हा व्यापारी 1470 च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळ्याचे दोन महिने जुन्नरला अडकून पडला आणि पुढे बहमनी राज्याच्या बिदर शहरात राहिला. वऱ्हाडही तेव्हा त्याच राज्यात होते. त्याची तीन समुद्रांपलीकडच्या प्रवासाची वही रशियन गद्यातील फार मोलाची गोष्ट मानली जाते, कारण ती धर्मगुरूने नव्हे तर व्यापाऱ्याने, ग्रंथाच्या नव्हे तर बाजाराच्या भाषेत लिहिली, आणि जे लपवायचे ते मधूनच तुर्की-फारसीत लिहून टाकले. घोड्यांना या देशात साखर-लोणी घालून ‘किचिरीस’ शिजवून घालतात, असे तो लिहितो. खिचडी हा शब्द रशियन हस्तलिखितात पंधराव्या शतकात पोहोचला तो असा, कोणत्याही इंग्रजाच्या मध्यस्थीशिवाय, घोड्याच्या तोबऱ्यातून.

रोजच्या राहणीत हे जवळपण आणखी स्पष्ट होते. रशियन माणसाचे पूर्ण नाव तीन भागांचे असते, स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून साधलेले नाव आणि आडनाव, आणि मराठी अर्जावरही हेच तीन रकाने असतात. फरक बाईच्या नावात पडतो. मराठी रिवाजात लग्नानंतर मधल्या रकान्यात वडिलांच्या जागी नवरा येऊन बसतो. रशियन बाईचे आडनाव बदलते, पण मधले नाव जन्मभर बापाचेच राहते, म्हणून तल्स्तोयच्या नायिकेच्या ‘आन्ना अर्काद्येव्हना कारेनिना’ या नावात बाप आणि नवरा शेजारी शेजारी उभे असतात, आणि कादंबरी उघडण्यापूर्वीच निम्मी कथा त्या नावात वाचता येते. आदरार्थी संबोधन म्हणजे नाव आणि पितृनाम एकत्र उच्चारणे. त्याला ‘साहेब’ जोडावे लागत नाही. ‘ति’ आणि ‘वि’ हे तू आणि तुम्ही आहेत. अनोळखी बाईला मुले ‘त्योत्या’ म्हणजे मावशी किंवा आत्या म्हणतात, म्हाताऱ्या गृहस्थाला आजोबा. चहाला ‘चाय’ म्हणतात, कारण तो रशियात चीनमधून खुष्कीच्या मार्गाने आला आणि नावासकट आला. भेट म्हणून द्यायची फुले विषम संख्येत हवीत, सम संख्या मृतासाठी. आहेराच्या पाकिटात शंभराऐवजी एकशे एक ठेवणाऱ्याला याचे स्पष्टीकरण मागावेसे वाटणार नाही. उंबरठ्यावर उभे राहून हात मिळवू नये, वस्तू देऊ-घेऊ नये, आधी आत यावे. घराचा रक्षक ‘दमवोय’ त्या उंबऱ्यापाशी किंवा चुलीमागे राहतो असे समजतात.

मातीचे नावही सांगितले पाहिजे, कारण वाशीम जिल्ह्याचे सोयाबीन, तूर आणि कपाशी ज्या मातीत उभी राहतात तिला विद्यार्थी भूगोलात ‘रेगूर’ म्हणून ओळखतो आणि पुढच्याच धड्यात रशिया-युक्रेनची ‘चेर्नोझेम’ पाठ करतो, परंतु या दोन नावांकडे एकत्र पाहत नाही. ‘चोर्नी’ म्हणजे काळा, आणि तो संस्कृत ‘कृष्ण’ शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे; ‘झेम्ल्या’ म्हणजे जमीन, आणि पृथ्वी या अर्थाच्या ‘क्षमा’ शब्दाशी तिचे मूळ जुळते. वासिली दकुचायेव यांनी 1883 मध्ये या मातीवर ग्रंथ लिहून मृदाशास्त्राचा पाया घातला. दोन्ही काळ्या असल्या तरी स्वभाव वेगळा: चेर्नोझेम काळी होते ती गवताळ प्रदेशात वर्षानुवर्षे कुजलेल्या मुळांच्या ह्युमसने, तर वऱ्हाडची माती बेसाल्टच्या खडकापासून बनलेली, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी चिकणमाती असते. मराठी खेड्याने आपले जग ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या दोन शब्दांत वाटले, काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. रशियन खेड्याने ‘मीर’ हा शब्द वापरला. मीर म्हणजे जमीन सामाईक धरून ती कुटुंबांत वेळोवेळी वाटून देणारी गावसभा, मीर म्हणजे जग, आणि उच्चाराने तोच पण पूर्वी वेगळ्या अक्षराने लिहिला जाणारा मीर म्हणजे शांतता. 1918 च्या लेखनसुधारणेने या दोन अक्षरांतले एक काढून टाकल्यावर सगळे अर्थ एका रूपात कोंबले गेले. तल्स्तोयच्या ‘युद्ध आणि शांतता’ या महाकादंबरीच्या नावात ‘जग’ अभिप्रेत होते अशी एक आवडती दंतकथा तेव्हापासून फिरते. जुन्या अक्षरांत छापलेले नाव पाहिले की तेथे शांतताच आहे हे दिसते.

मराठी जिथे मदतीला येत नाही अशा जागाही पुष्कळ आहेत. रशियन बलाघात कोणत्या अक्षरावर पडेल हे आधी कळत नाही आणि तो हलला की अर्थ हलतो, ‘मुका’ या लेखनातल्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर यातना आणि दुसऱ्यावर दिला तर पीठ. बलाघात नसलेला ‘ओ’ ‘अ’ होतो, म्हणून लिहिलेले मोस्क्वा बोलताना मस्क्वा होते. बहुतेक व्यंजने कठोर आणि मृदू अशी दोन प्रकारांनी बोलायची असतात, आणि मृदू म्हणजे त्यात ‘य’ची छटा मिसळायची. ज्याच्या बोलीत डोळ्याचा ‘डोया’ आणि गुळाचा ‘गुय’ होतो त्याला ‘ळ’ आणि ‘य’ शेजारी राहतात एवढे तरी पटेल, पण जिभेला सवय लावायला महिने लागतात. पूर्ण झालेली आणि चालू असलेली क्रिया यांसाठी क्रियापदांच्या जोड्या असतात, ‘चितात्’ आणि ‘प्राचितात्’, जवळपास वाचणे आणि वाचून काढणे. मराठी हे काम ‘काढणे’, ‘टाकणे’, ‘जाणे’ यांच्याकडून करवून घेते, रशियन ते उपसर्गांवर सोपवते. पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांना तर वेगळीच क्रियापदे आहेत, आणि जाऊन परत येण्यासाठी पुन्हा आणखी वेगळी.

घरातून निघण्याची भाषा या जाण्याच्या क्रियापदांपाशीच अडते. रशियात लांबच्या प्रवासाला निघताना घरातली सगळी माणसे, सामान दारात उभे असताना, काही न बोलता क्षणभर खाली बसतात आणि मग उठतात. मराठी घरात निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण रोजच्या साध्या निघण्याला रशियन माणूस दारात चप्पल चढवताना सहज म्हणतो, ‘नु, या पश्योल’, ज्याचा शब्दशः अर्थ ‘बरं, मी गेलो’ असा होतो. वाशीमच्या कोणत्याही आजीने हे मराठीत ऐकले तर ती त्याला परत बोलावून देवापुढे उभे करील. त्याच आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली तर मात्र अंगणातला नातू जागचा न हलता ओरडतो, ‘आलो!’